विरजणखिंडीचे वर्तमान

श्रीगजानन स्मरून, पोटात थंड ताक आहे तोवर, खरे तेच लिहितो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, वैशाखमास. राज्याचे नाव कोणी पुसो नये. तेथील कसबा बहुत वाढिला आणि वांगियांचे शेतांत प्लॉट पाडिले, आणि ज्याने प्लॉट पाडिले त्याने भोवती भिंत घातली, शेजारियास वाट म्हणून ठेविली नाही. मग रस्ते डौलाने निघत आणि भिंतीस डोके टेकून उभे राहत. ऐसी त्यांची अक्कल.

आनंदनगरी मंजुळाबाई राहत आणि पाठीस पाठ लावून परमानंदनगरी त्यांची धाकटी बहीण द्वारकाबाई. मध्ये भिंत एक, परंतु रस्त्याने दोन कोस. एके दिवशी मंजुळाबाईंचे विरजण सरले. द्वारकाबाईंनी डबाभर देऊन यजमानांस स्कूटरवर रवाना केले. ते सात बंद गल्ल्या हिंडून आणि अवघे खड्डे सर करून पोहोचले, तों डब्यात ताक जाले होते आणि वर लोणी आले होते. मंजुळाबाईंचे गुडघे आधीच फितूर, बहिणीचे तोंड दिसेना, म्हणून बहुत कष्टी जाल्या. मग द्वारकाबाईंनी पहार घेतली आणि भिंतीस माणूस जाईल एवढी खिंड पाडिली. मग नित्य विरजण जाई आणि कढी येई, आणि उभयतां खिंडीत बसून सुखदुःख बोलत.

हे परमानंदनगरीचे चेअरमन दाजीसाहेब यांस कळले. ते रागें भरले आणि खिंड बुजवावयास हैबती गवंडी यास बोलाविले. हैबती वाट चुकून आनंदनगरी पावले, सायकल आणि भाकरी तेथेच ठेवून खिंडीतून पलीकडे उतरले आणि विटा रचू लागले. मंजुळाबाई आतून म्हणाल्या, "द्वारके, शेवटची वीट बसेतो बोलत राहा गं." द्वारकाबाई उद्याच्या विरजणाचे बोलत राहिल्या. आम्हांसही वाईट वाटले.

मग वीट बसली, गिलावा जाला, दाजीसाहेब प्रसन्न जाले. हैबती हात धुऊन जेवावयास वळले, तों भाकरी भिंतीपलीकडे. वाट पुसिली. दाजीसाहेबांनी मोबाइलात नकाशा पाहून दोन कोस सांगितले. हैबतींनी उन्हाकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले आणि हातोडा उचलिला.

दाजीसाहेब म्हणाले, "अहो, हे काय करता?"

हैबती म्हणाले, "जेवून येतो."

मंजुळाबाईंनी भाकरीसंगे कढी वाढिली. हैबती अद्याप जेवीत आहेत.

सारांश, भिंत घालणाराने आपली भाकरी कोणीकडे आहे ते आधी पाहावे. इतुके लिहून ताक संपले.