स्वयंपाकघरातली लंगडी

तपासणीचा निकाल आला आणि शेडमधल्या कोंबड्या बर्ड फ्लूनेच मरत होत्या हे नक्की झालं. उरलेल्या सगळ्या मारून पुरायच्या होत्या. पांढरे झगे घातलेली माणसं शेडकडे गेली. जनावरांची डॉक्टरीण घराच्या दारात थांबली.

"पाणी कुठलं देत होतात?"

"टाकीचा नळ गोठला होता," पोल्ट्रीवाला म्हणाला. "मग तळ्यातलं आणलं."

"तळ्यावर रानबदकं उतरतात. हा विषाणू उन्हाळ्यात लवकर मरतो हो. असल्या गार पाण्यात मात्र मुक्कामच ठोकतो."

बायको असती तर तिने नळावर किटलीभर गरम पाणी ओतलं असतं. पण ती मागच्या उन्हाळ्यात गेली आणि पोल्ट्रीतली अक्कलही सोबत घेऊन गेली.

"घरात एखादी कोंबडी?"

"छे. मी आणि ही मेहुणी. तीही आत्ताच डबा घेऊन आली."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून लंगडी बोलली. बायकोने या लंगड्या कोंबडीला हातावर भरवून वाढवलं होतं. गारठा पडल्यावर त्याने तिला शेडमधून उचलून चुलीशेजारी ठेवलं होतं. बायकोच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

पोल्ट्रीवाला जोरात खोकला. लंगडी पुन्हा बोलली, तो पुन्हा खोकला.

"दाजी, काल फोनवर तर ठणठणीत होतात," मेहुणी म्हणाली.

"आजच लागलाय."

डॉक्टरीण दोन पावलं मागे सरली. तिने लांबूनच त्याच्या कपाळाचं तापमान घेतलं. सकाळभर तो लंगडीसाठी चूल फुंकत बसला होता. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. मग दवाखान्याची गाडी आली, दोघांच्या नाकात काड्या घातल्या गेल्या आणि निकाल येईपर्यंत दोघांनी उंबरा ओलांडायचा नाही असं ठरलं.

"मी कशाला?" मेहुणी म्हणाली. "आमच्या ह्यांना चहासुद्धा करता येत नाही."

ती तणतणत स्वयंपाकघरात गेली आणि लगेच बाहेर आली.

"दाजी, ताईचा स्वेटर मी मागितला तेव्हा सापडत नव्हता ना?"

"नव्हता."

"कोंबडीला बरा सापडला."

एवढं बोलून ती शिंकली. शिंकताना ती हुबेहूब बहिणीसारखी दिसली. हिलाही काही झालं तर, असं वाटून पोल्ट्रीवाल्याने खिडकी उघडली.

"डॉक्टरीणबाई, खोकला खोटा होता. कोंबडी खरी आहे."

"जो माणूस कोंबडी लपवतो, त्याच्या खोकल्याचं काय खरं मानायचं? आता तर घरातच राहा."

"धडधाकट आहे हो ती."

"दिसते तशी. शेडमधलीच ना? द्या इकडे."

"आणि स्वेटर?"

"तोही."

त्याने लंगडीला स्वेटरसकट खिडकीतून दिलं. जाताजाता तिने त्याच्या अंगठ्याला चोच मारली.

दोघांचे निकाल चांगले आले. मेहुणी आपल्या घरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मागितला तेव्हाच दिला असतात तर निदान तो तरी राहिला असता."

आता ऊन तापायला लागलं आहे, विषाणू मेलाही असेल. शेड अजून धुवायची राहिली आहे.