एक तारा, पाणी नाही

वराळ्यात आमच्या समोरच्या घरात राहणारे किसनभाऊ संध्याकाळच्या बातम्या तोंडात नळी धरून बघतात. नळी स्नॉर्केलची. समुद्रात चेहरा पाण्याखाली ठेवून तरंगताना श्वास घेता यावा, यासाठी ती असते. डोळ्यांवर काचेचा मोठा चष्मा, त्यातच नाक बंद. बातम्या संपेपर्यंत ते हा सरंजाम उतरवत नाहीत. मध्येच कुणी आलं, तर हाताने "बसा" अशी खूण करतात.

"नळी हाय तवर गप असत्यात," त्यांच्या पत्नी मंदामावशी सांगतात. "म्या म्हणते, ऱ्हाऊ द्या."

किसनभाऊंना पोहता येत नाही, हे सुरुवातीलाच नोंदवलेलं बरं. मात्र अंदमानच्या कोणत्या किनाऱ्यावर स्नॉर्केलिंग करावं, या विषयावर त्यांच्याइतका अभ्यास मावळ तालुक्यात दुसऱ्या कुणाचा नसावा. हा अभ्यास तीन वर्षं चालला आणि तो मी जवळून पाहिला.

तळेगावजवळच्या एका कारखान्यात त्यांनी तपासणी विभागात नोकरी केली. बोल्ट मापात बसला तर पुढे, नाही बसला तर लाल डब्यात. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, लाल डबा डोक्यात राहिला. पुतणीला आलेली स्थळं, चौकातला चहा, माझ्या बातम्यांचे मथळे, सगळं त्यांच्या नजरेखालून जातं आणि बहुतेक सगळ्यांवर एकच शेरा पडतो : "रिजेक्ट."

लेकीने "आईला अंदमान दाखवा" म्हटलं आणि भाऊंनी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडला. एकेक किनारा मोठा करून ते बघत. अट एकच : तिथे माणूस नको.

"हे बग, पत्रकार," ते मला बोलावून म्हणत. "हितं निळं काय दिसतंय?"

"समुद्र."

"त्याच्या कडंला."

"ताडपत्री असेल."

"ताडपत्री म्हंजे भज्यांचा गाडा. गाडा म्हंजे गर्दी. रिजेक्ट."

लोणावळ्याच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाचं हे अनुमान खोडता येत नाही. आमच्याकडे खडकावरून बोटभर पाणी वाहू लागलं, की शनिवारी तिथे कणसं भाजली जातात आणि रविवारी गाड्यांची रांग थेट हमरस्त्याला लागते. अंदमानलाही असंच असणार, असं भाऊ धरून चालले होते.

लोकांचे अभिप्राय ते उलटे वाचत. पाच तारे दिसले, की "मेली ती जागा" म्हणत. "कुटुंबासह जरूर या" असं कुणी लिहिलं असेल, तर लिहिणाऱ्यालाच नावं ठेवत. त्यांना एक तारा हवा होता.

"भाऊ, चांगली जागा कधी बघणार?" मी एकदा विचारलं.

"चांगली सगळ्यांला ठावं आसती," ते म्हणाले. "मला नापास जागा पायजे."

हा हट्ट कशासाठी, ते वराळ्यात फार जणांना माहीत नाही.

मंदामावशींचं माहेर बेडसे. पाठीला पत्र्याचा डबा बांधून वडिलांनी त्यांना विहिरीत टाकलं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. पुढे त्या काठावरून सूर मारत, तळातून दगड काढून आणत. लग्न झालं आणि पोहणं थांबलं. कुणी मनाई केली नव्हती, पण सासरच्या गावात बायका पोहत नव्हत्या. माहेरच्या विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे.

काही वर्षांपूर्वी दोघं पवना धरणाच्या काठी नातेवाइकांकडे गेले होते. दुपारी पाण्याजवळ कुणी दिसलं नाही. मावशी साडीनिशी आत उतरल्या आणि वीस-पंचवीस हात पोहून गेल्या. वळल्या, तर काठावर तंबूंतली पोरं मोबाइल धरून उभी. "आजी, इकडं बघा ना!" कुणी वाईट बोललं नाही. टाळ्याच वाजवल्या. दोन दिवसांत ते चित्रण वराळ्यातल्या घराघरात पोचलं. सगळ्यांनी कौतुक केलं. मावशी आठवडाभर दळणालाही बाहेर पडल्या नाहीत.

"लोक चांगलंच म्हनत व्हते," भाऊंनी मला सांगितलं. "पर ती म्हनली, आता बास. पुन्यांदा पान्यात न्हाई."

त्यानंतर तीन वर्षं ते नकाशा बघत राहिले.

अखेर एक जागा लाल डब्यात जायची राहिली. रस्ता नाही, ताडपत्री नाही, होडीनेच जावं लागणार. अभिप्राय एकच, एक तारा, हिंदीत : "यहाँ कुछ नहीं है. पानी भी नहीं है."

"पाणी नाही म्हणतोय, भाऊ," मी लक्षात आणून दिलं.

"प्यायाचं आसंल. आपुन न्यायाचं."

आमच्याकडे "पाणी नाही" म्हणजे नळाला नाही. दुसरा अर्थ मलाही सुचला नाही. भाऊंनी सामानात बाटल्या भरल्या. मावशींनी आईचं जुनं नऊवारी लुगडं घेतलं. "नुसतं घेतलंय," त्या म्हणाल्या. "उतरनार न्हाई मी."

पुढच्या घटनेला मी साक्षीदार नाही. दोघांकडून स्वतंत्रपणे ऐकलं आणि जुळलं तेवढंच लिहितो आहे.

सकाळी होडीवाल्याने त्यांना त्या किनाऱ्यावर उतरवलं. माणूस नव्हता, गाडा नव्हता. पाणीही नव्हतं. समोर लांबवर ओले खडक आणि चिखल, समुद्र पार मागे गेलेला. ओहोटी होती. धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, हे भाऊंना माहीत होतं. समुद्राचं रोज दोन वेळा उतरतं आणि चढतं, हे त्यांच्या नकाशात नव्हतं.

"तीन वर्सं बगून ह्यो गाळ निवडला?" मावशी म्हणाल्या.

भाऊ नळी गळ्यात अडकवून उभे राहिले. दुसऱ्या किनाऱ्यावर नेतो, असं होडीवाला म्हणाला, तिथे खूप लोक असतात, मजा येते. भाऊंनी विचारलं, "हितलं पानी परत कवा यील?" दुपारपर्यंत, असं उत्तर आलं.

दोघं झाडाखाली बसून राहिले. बाटल्या उपयोगी पडल्या. पाणी आधी खडकांच्या फटीत दिसलं, मग खडक दिसेनासे झाले. होडीवाल्याला भाऊंनी दूर नेऊन जंगलाकडे तोंड करून बसवलं. परत आले, तेव्हा मावशींनी लुगड्याचा कासोटा घातला होता. भाऊंनी गळ्यातली नळी आणि चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

"तुमी बी तिकडं बगा," त्या म्हणाल्या.

"बुडलीस तर?"

"तुमी काय काडनार हाय का मला?"

भाऊ कमरेएवढ्या पाण्यात पाठ करून उभे राहिले. एका दोरीचं टोक मावशींच्या कमरेला, दुसरं त्यांच्या मनगटाला. दोरी ताणली, की मावशी लांब गेल्या असं समजायचं. तासभर त्यांनी दोरीवरूनच बघितलं. मध्येच मागून हसण्याचा आवाज आला. नळी तोंडात असताना माणूस हसू शकतं, हे त्यांना नवीन होतं.

काय दिसलं, असं मी मावशींना विचारलं. "लय मासं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आन् कुनी न्हाई."

परतल्यावर चौकात चहावाल्या आबांनी भाऊंना गाठलं. "काय भाऊ, कसा व्हता समुद्र?"

"पानीच न्हवतं."

"आँ?"

"गाळ नुसता. रिजेक्ट."

चौक हसला. विमानाने जाऊन बिनपाण्याचा समुद्र बघून आलेला माणूस म्हणून भाऊ आठ दिवस गाजले. त्यांनी एकदाही खुलासा केला नाही. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच "बसा" अशी खूण केली.

त्या रात्री मी नकाशावर ती जागा शोधली. जुन्या अभिप्रायाखाली आता दुसरा होता, मराठीत, एक तारा : "पानी न्हाई. बगन्यासारकं काय न्हाई. येऊ नये."

जागेचं नाव मला माहीत आहे. इथे देत नाही. पहिला अभिप्राय कुणी लिहिला असेल आणि त्याच्याबरोबर कोण आलं असेल, एवढंच आता कधीकधी मनात येतं.