लठ्ठ चाकं पुढे, बारीक मागे

या मंडळी, जरा पुढे सरका, उगाच भिंतीला टेकून बसू नका! कीर्तनात मागे बसणाऱ्याच्या वाट्याला निम्माच देव येतो. मुलुंडच्या दशरथ ड्रायव्हरने रामनवमीला काय प्रताप केला, ते सांगतो. पोटभर हसा, पण शेवटी माझं एक मागणं आहे, तेवढं ऐकूनच उठा.

दशरथ मूळचा कणकवलीकडचा. गिरणी सुटली आणि तो मधुकरशेठच्या गाडीवर ड्रायव्हर लागला. शेठच्या फियाटची पुढची चाकं मागे, मागची पुढे, असं तो अधूनमधून नेमाने करायचा. "टायर सारखे झिजतात. चाकाचं मला कोणी शिकवू नये!" असं छाती काढून सांगायचा.

तेवढ्यात शेठनी परदेशातून लाल स्पोर्ट्स कार मागवली. दोनच सीट, आणि जमिनीला अशी चिकटलेली की उतरताना माणूस रांगतच बाहेर यायचा! रामनवमीच्या आदल्या दिवशी शेठ म्हणाले, "फियाट बिघडलीय. उद्या कीर्तनाला बळवंतबुवांना मानखुर्दहून ह्या गाडीतून आण. बाराच्या आत हं!"

दशरथला आभाळ ठेंगणं झालं. नव्या राममंदिरात पाळण्याची दोरी ओढायचा पहिला मान त्याच्या बायकोला, वनमालाला मिळाला होता. पण सेक्रेटरी कुंडलिक म्हणजे घड्याळाचा काटा! त्याने आधीच बजावलं, "बुवा वेळेत आले नाहीत, तर बाराच्या ठोक्याला मी कॅसेट लावणार आणि स्वतः पाळणा हलवून मोकळा होणार. मग मान-बिन विसरा!"

सकाळी गाडी पुसताना दशरथ थबकला. पुढची चाकं बारीक, मागची चांगली जाडजूड!

"अरेरे!" तो हळहळला. "वळायचं ह्यांनी, खड्डे खायचे ह्यांनी. राबून राबून पार रोडावली बिचारी! आणि मागची बघ, कमिटी मेंबरसारखी बसून बसून सुटलीत!"

"अहो, ती तशीच असतील," वनमाला म्हणाली. "शेठना विचारा तरी."

"त्यात काय विचारायचं? गावात पालखीला एकाच भावकीने जन्मभर खांदा द्यायचा काय? पाळी नको?"

झालं! लठ्ठ चाकं पुढे आली, बारीक मागे गेली. गाडी नाक वर करून अशी उभी राहिली, जशी आंबा पडायची वाट बघणारी म्हैस! बुवांच्या पेटीला जागा हवी म्हणून दशरथने डिकीतला जॅकही काढून घरी ठेवला.

वाटेत प्रत्येक वळणाला 'खर्रर्र' व्हायचं. दशरथ स्वतःलाच सांगायचा, "चाक सूर लावतंय!"

मानखुर्दला बळवंतबुवा गाडीत बसले. बुवांचा गळा गोड, देह मात्र भरगच्च. गाडी खाली दबली, आणि देवनारच्या वळणावर पुढचं चाक मडगार्डमध्ये गच्च रुतलं.

"दशरथा, गाडी वळत का नाही?"

"सरळमार्गी आहे, बुवा!"

"मग गटारात कशी चाललीय?"

करकचून ब्रेक! अकरा वाजून गेलेले. जॅक मुलुंडला. बुवा आतूनच म्हणाले, "राम जन्मायचा आणि दशरथच गैरहजर! असा प्रसंग मी कुठल्याच आख्यानात ऐकला नाही."

दशरथला हसू येईना. डोळ्यांपुढे वनमाला दिसत होती. नवं लुगडं नेसून, रस्त्याकडे डोळे लावून बसलेली.

एवढ्यात मासळीचा टेम्पो थांबला. पुढे पुतळाबाई कोळीण, मागे तिची पाच-सहा माणसं.

"काय झायलं रं?"

दशरथने रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. पुतळाबाईने चाकं पाहिली आणि ती कमरेवर हात ठेवून हसत सुटली. "मेल्या, बापाची चप्पल पोराला घातलीस! चला रं, उचला! आमी रोज दर्यातून होरी वढताव, ही तं खेळण्यातली!"

बुवांना आधी बाहेर काढलं. त्यांना दोघे लागले! मासळीच्या एका खोक्यावर त्यांना बसवलं. मग "हैसो! हैसो!" करत कोळ्यांनी गाडी हातांवर तोलली आणि खाली मासळीची लाकडी खोकी सारली. सीटखालचा पाना घेऊन दशरथ चारी चाकांभोवती धावला. चाकं आपापल्या जागी गेली. दशरथ पुतळाबाईच्या पायाच पडला.

"पाया नको परू. पैलं देवाला जन्माला घाल! माझ्या वाटचा सुंठवडा तेवढा ठेव."

गाडी देवळाशी पोचली तेव्हा कुंडलिकचं बोट टेपच्या बटणावर होतं! बुवा धावतच जाऊन कीर्तनाला उभे राहिले. उपरण्याला मासळीचा असा घमघमाट, की पहिल्या रांगेने नाकाला पदर लावले.

"नाकं मोकळी सोडा," बुवा गरजले. "आज दर्या हात देऊन गेला, म्हणून मी इथे उभा आहे!"

बाराचा ठोका पडला, गुलाल उधळला आणि वनमालाने दोरी ओढली. दशरथ खांबाआड उभा राहून डोळे पुसत होता.

संध्याकाळी तो सुंठवडा घेऊन कोळीवाड्यात गेला. पुतळाबाईने तो कपाळाला लावून तोंडात टाकला आणि विचारलं, "बुवा बसलेलं खोकं मोरलं. ते कोन देनार?"

तर मंडळी, माझं मागणं एवढंच. रामजन्माला पाळण्याची दोरी हातात आली, की एक झोका पुतळाबाईच्या नावाने द्या.