धार सरळ येते का?

लहान मूल भेटलं की माणसं त्याचं नाव विचारतात, इयत्ता विचारतात, फारच उत्साही असली तर पाढे म्हणायला लावतात. आमचे टिपणीसनाना विचारत, "काय रे, धार सरळ येते का?"

स्थळकाळाचं बंधन त्यांना नव्हतं. मुलुंडला आमच्या चाळीच्या जिन्यात विचारत, भाजीवालीपाशी विचारत. माझ्या मेहुणीला पाहायला मंडळी आली होती, ती पोहे खात असताना त्यांच्यातल्या एका चिमुरड्याला नानांनी विचारलं. नवऱ्या मुलाच्या आत्याला ठसका लागला. लग्न जमलं, पण त्याचं श्रेय नानांना देता येणार नाही.

नाना एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. पन्नाशी उलटलेली, राहायला एकटे, कोटाची बटणं वैशाखातही गळ्यापर्यंत लावलेली. दाराबाहेर गॅलरीत त्यांनी एक माठ मांडला होता. पोरगं दिसलं की त्याचं मनगट धरायचं आणि पेला पुढे करायचा. ते काही सांगू लागलं तर, "आधी पाणी, मग वाणी!" पेला रिकामा झाल्याशिवाय सुटका नाही. चाळीतली पोरं नानांच्या दारावरून वाकून, चपला हातात घेऊन जात.

शाळेत पोरांना तासाच्या मध्ये एकीला सोडत नाहीत हे कळलं, तेव्हा नानांनी हेडमास्तरांना रीतसर अर्ज केला. 'विषय : विद्यार्थ्यांस लघुशंकेस सोडणेबाबत.' खाली दोन स्मरणपत्रं. हेडमास्तर शेवटी कंटाळून हो म्हणाले. आठवडाभर गणिताच्या तासाला अर्धा वर्ग मैदानावर विटीदांडू खेळत होता. मग हुकूम मागे घेतला गेला, आणि नानांनी तिसरं स्मरणपत्र पाठवलं.

वरच्या मजल्यावरच्या जोश्यांकडे मुंज होती. भटजी बटूला सांगत होते की लघुशंकेला जाताना जानवं उजव्या कानावर ठेवायचं. नाना मागून म्हणाले, "आणि फार घाईची लागली तर आधी जाऊन ये. कानाचं मग बघू." भटजींनी मंत्र थांबवला. जोश्यांनी नानांना जेवायच्या पंगतीत पार शेवटी बसवलं, तिथेही ते शेजारच्या पोराला मठ्ठा कमी आणि पाणी जास्त पी म्हणून सांगत होते.

चाळीत नानांच्या नकला होत. त्यातली सगळ्यात चांगली नक्कल मी करत असे.

आता माझ्याकडे येतो. माझा मुलगा वसू तेव्हा सहा वर्षांचा होता. वर्षभर त्याचं काहीतरी बिनसलं होतं. अंथरूण ओलं करायचा. मोरीत गेला की रडायचा. आणि सारखा चड्डीत हात. बायको म्हणाली, "उन्हाळी लागली असेल हो," आणि तिने धण्याचं पाणी सुरू केलं. मला मात्र ती वाईट खोड वाटली. खोड म्हटली की आमच्या घराण्यात औषध एकच, छडी. मी ते नेमाने दिलं. चारचौघांत लाज नको म्हणून वसूला आणखी एक धडा पढवला, "नानांनी विचारलं की 'हो, सरळ येते' म्हणायचं आणि सटकायचं." पोरगं आज्ञाधारक. वर्षभर तो नानांना 'हो' म्हणत राहिला.

एका रविवारी सकाळी दारावर लाथ बसली. हात मोकळे नव्हते म्हणून नानांनी लाथ मारली होती. त्यांनी वसूला उचलून आणलं होतं.

"धार तुटते याची!" नाना ओरडले. "मागच्या अंगणात बघितलं मी. मध्येच थांबते, पोरगं एका पायावर नाचतं. किती दिवस चाललंय हे?"

"अहो नाना, त्याला खोड आहे..."

"खोड? अरे गाढवा, आत दगड आहे त्याच्या! कपडे घाल."

मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात एक्सरे काढला. मूत्राशयात सुपारीएवढा खडा होता. दुखतं म्हणून पोर तिथे हात लावत होतं, असं डॉक्टर म्हणाले. आणखी वर्षभर थांबला असतात तर मूत्रपिंडं गेली असती, असंही म्हणाले. मला माझ्या उजव्या हाताची किळस आली.

ऑपरेशन नीट झालं. पोटातून रबराची नळी काढून खाटेखालच्या बाटलीत सोडली होती. तिसऱ्या दिवशी वसू आईशी बोलू लागला, नानांशी तर भरपूरच. मी गेलो की तोंड भिंतीकडे. मी शिट्टी नेली, लिमलेटच्या गोळ्या नेल्या. त्याने घेतल्या नाहीत.

बाहेर व्हरांड्यात मी नानांना म्हटलं, "लहान आहे. विसरेल."

"नाही विसरत," नाना म्हणाले. "माझा नाही विसरला."

नानांना मुलगा आहे हे चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आई नव्हती त्याला. सात वर्षांचा होईस्तोवर मी बडवला. ओल्या गादीशेजारी उभा करायचो आणि आळीतल्या पोरांना बोलावून दाखवायचो. मग मामाने नाशिकला नेला, तिथे डॉक्टरला दाखवलं. खडा निघाला. मी आणायला गेलो, तर मामाच्या धोतरामागे लपला. म्हटलं, मोठा झाला की समजावू. मोठा झाल्यावर पत्रं टाकली. उघडलेली नाहीत, तशीच परत येतात." नानांनी माझा दंड धरला. "आत जा आणि माफी माग."

"मी? बापाने? सहा वर्षांच्या पोराची?"

"मग किती वर्षांच्या पोराची मागणार?"

आमच्या घरात बापाने मुलाला चुकलो म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. शब्दच ठाऊक नव्हते. मी स्टुलावर बसलो आणि म्हटलं, "वसू, तुला दुखत होतं आणि मी मारलं. माझं चुकलं."

भिंतीचा सुटलेला पोपडा त्याने नखाने खरवडून काढला. मग "बरं," म्हणाला, आणि नळी आज काढणार का म्हणून विचारलं.

बाहेर आलो तर नाना दाराशीच उभे.

"काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

"आणि?"

"नळी कधी काढणार, विचारत होता."

"तुला विचारलं? आईला नाही?"

"मलाच."

"बोलला म्हणजे," नाना म्हणाले. "बापाशी बोलला." मग ते बाकावर बसले आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसत मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, काय म्हणाला ते.