मास्तरांची तीन पॅनेलं

मास्तरांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. त्यामुळे सूर्य आपल्या हाताखाली काम करतो, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. निवृत्तीनंतर गावाबाहेरच्या माळावर सामुदायिक सौर प्रकल्प उभा राहिला. आपल्या छपराला हात न लावता त्यात हिस्सा घेता येतो असं कळताच मास्तरांनी तीन पॅनेलांचा हिस्सा घेऊन टाकला. माहितीपत्रक चार पानांचं होतं. मास्तरांनी पहिलं पान वाचलं आणि उरलेली तीन न वाचताच समजून घेतली.

"आता आपण सूर्यावर," त्यांनी बायकोला सांगितलं.

"म्हणजे नेमकं कसं?" मास्तरीणबाईंनी विचारलं. त्या घरी केक करून विकत. त्यांना मापाची सवय होती.

"पॅनेलं आपली, वीज आपली. तिकडून निघते, इकडे येते. यात न कळण्यासारखं काय आहे?"

न कळण्यासारखं बरंच होतं, पण ते दुसऱ्या पानावर होतं.

अर्जात ग्राहक क्रमांक लिहायचा होता. जुनं बिल शोधायला कपाट कोण उपसणार? मास्तर थेट जिन्याखालच्या मीटरांपाशी गेले. वरची ओळ वरच्या मजल्याची, खालची तळमजल्याची. नकाशा वाचणाऱ्याला हे कुणी सांगावं लागत नाही. वरच्या मीटरवर चिकटवलेला क्रमांक त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला.

त्यानंतर घरात नवं राज्य आलं. आकाशात ढग दिसला की मास्तर पंखा बंद करत. कपडे धुवायचे तर दुपारी बारालाच. मास्तरीणबाईंना इस्त्री करायची झाली तर आधी गच्चीवर जाऊन ऊन बघून यावं लागे. दर रविवारी मास्तर फडकं घेऊन माळावर जात आणि पहिल्या रांगेतली आपली तीन पॅनेलं लख्ख पुसून येत. ती कोणती हे रखवालदारानं पहिल्याच दिवशी बोट करून दाखवलं होतं. माणूस फार आदबशीर होता. पाण्याची बादलीसुद्धा भरून ठेवायचा.

बिल मात्र जागचं हललं नाही.

"सूर्य अजून दक्षिणायनात आहे," मास्तर म्हणाले. दोन महिन्यांनी सूर्य उत्तरेला आला, बिल तिथंच होतं. तेव्हा मास्तरांनी बिल बघणंच सोडून दिलं.

उलट तळमजल्यावरच्या काकांचं बिल उतरू लागलं. काका पूर्वी घड्याळांचं दुकान चालवत आणि काटकसर हा त्यांचा धर्म होता. "माणूस नसलेल्या खोलीत दिवा जळू नये, मास्तर," ते जिन्यात अडवून सांगत. "तीन महिन्यांत बिल निम्म्यावर आणलंय. शिकण्यासारखं आहे, शिका." मास्तर हसून सोडून देत. सूर्य ज्याच्या पदरी आहे त्यानं दिव्याच्या गोष्टी कशाला ऐकाव्यात?

अशात जिन्यात कागद लागला: दुरुस्तीसाठी शुक्रवारी दहा ते सहा वीज बंद. आणि नेमकी त्याच शुक्रवारची, शाळेच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या तीन मजली केकची ऑर्डर मास्तरीणबाईंकडे आली होती. एवढी मोठी ऑर्डर त्यांना आजवर कुणी दिली नव्हती.

"अहो, नक्की काय ते सांगा. या उकाड्यात क्रीम तासभरही टिकायचं नाही. वीज जाणार असेल तर मी आत्ताच नाही म्हणते."

"वीज जाईल ती लोकांची. तू खुशाल हो म्हण."

एवढ्यावर ते थांबते तर मास्तर कसले. त्यांनी खाली जाऊन काकांना सांगितलं, "दूध नासेल तुमचं. आमच्या फ्रिजमध्ये आणून ठेवा, संकोच करू नका."

"माझ्याकडे इन्व्हर्टर आहे," काका म्हणाले.

"ते खेळणं हो."

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला मास्तरांच्या फ्रिजनं एक आचका दिला आणि प्राण सोडला. आत तीन मजली केक, बाहेर मास्तरीणबाई.

"कबुतर बसलं असणार पॅनेलावर," मास्तर म्हणाले आणि फडकं घेऊन स्कूटरवर निघाले. बायको काय म्हणाली ते त्यांना ऐकू आलं नाही. नाही आलं तेच बरं.

माळावर पॅनेलं झक्क चमकत होती. कबुतर सोडाच, पीससुद्धा नव्हतं. मास्तरांचा आवाज ऐकून प्रकल्पाच्या इंजिनिअर बाई बाहेर आल्या.

"माझ्या घरी वीज का पोचत नाही?"

"कारण तुमच्या गल्लीची तार बंद आहे, सर. इथली वीज सगळ्यांच्या तारेत जाते. तुमच्या हिश्श्याची किती झाली ते आम्ही मोजतो, तेवढी वजावट तुमच्या बिलात पडते. टाकीत बादलीभर पाणी ओतून नळाला तेच थेंब मागाल का?"

"मग ही माझी तीन पॅनेलं?"

बाईंनी रखवालदाराकडे पाहिलं. रखवालदार बादलीकडे बघत होता. "साहेब, तुमची अशी वेगळी नाहीत. पण कुणी फारच विचारलं की मी हीच तीन दाखवतो. आणखी चार जण येतात. म्हणून तर इतकी स्वच्छ आहेत."

मास्तरांनी शेवटचा बाण काढला. "वजावट म्हणता, ती तरी कुठं पडते?"

"पडते की, तीन महिने नियमित." बाईंनी क्रमांक आणि नाव वाचून दाखवलं. नाव तळमजल्याचं होतं. मीटर बसवणारा भूगोल शिकलेला नव्हता. "बदलून देते, पण पुढच्या बिलापासून. तोवर वजावट त्यांनाच जाईल."

मास्तर घरी आले तर फ्रिज उघडा आणि रिकामा. ते धावत खाली उतरले. काकांच्या फ्रिजमध्ये केक ताठ उभा होता, गुलाबाची एक पाकळीही हललेली नव्हती. इन्व्हर्टरवर ताण नको म्हणून काकांनी स्वतःचा पंखा बंद ठेवला होता आणि घामानं निथळत ते पुठ्ठ्यानं वारा घेत होते. मास्तरीणबाई स्टुलावर बसल्या होत्या.

"कबुतर भेटलं का?" त्यांनी विचारलं.

चार वाजता शाळेची गाडी आली, केक गेला, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी फोनवरच पुढच्या महिन्याचीही ऑर्डर दिली. त्या आनंदात मास्तरांनी क्रमांकाची हकीकत भीत भीत सांगून टाकली.

 तीन महिन्यांची काटकसर काकांच्या डोळ्यांदेखत माळावर निघून गेली होती. मग त्यांनी चष्मा पुसला.

"म्हणजे पुढच्या बिलापर्यंत तो हिस्सा माझ्याच नावावर?"

"हो."

काका उठले, खिडकीपाशी गेले आणि त्यांनी आभाळ निरखून पाहिलं.

"धूळ फार उडतेय हो मास्तर. फडकं हातात आहेच, तर एक फेरी मारून येता का?"