हिरव्या फिती

इराणातल्या सब्जवारच्या दक्षिणेकडच्या वाळूच्या टेकड्या पूर्वी वाऱ्याबरोबर गावात शिरायच्या. मग त्यांच्यावर साक्सौलची झुडपं लावली आणि टेकड्या जागच्या जागी बसल्या. पुढे काही झुडपं वाळली, काही नवी आपणहून उगवली. आता ती घोळक्याने उभी आहेत की एकमेकांपासून अंतर राखून, एवढंच फरांगीसला शोधायचं होतं. "या आठवड्यात नकाशा तुमच्या टेबलावर," असं ती आपल्या प्रोफेसरांना छातीठोकपणे सांगून आली होती.

मोजलेलं झुडूप पुन्हा मोजलं जाऊ नये म्हणून ती प्रत्येकाला फीत बांधत गेली. बाजारात हिरवं कापड स्वस्त मिळालं, तेच फाडलं होतं. घोटाळा झाला तो इथेच.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर टेकडीवर सतरंज्या, चहाचे समोवार आणि नवसाच्या आशचं, म्हणजे डाळी-शेवयांच्या दाट सुपाचं, भलंमोठं पातेलं. ज्या झुडपांना ती शिवलीही नव्हती, तीसुद्धा पिराच्या जाळीसारखी हिरव्या फडक्यांनी भरलेली.

"ये गं बाई," गावातल्या कौकबआजी म्हणाल्या. "तुला दृष्टान्त कधी झाला?"

"कसला दृष्टान्त, आजी? मी झुडपं मोजतेय."

"मोज की. आम्ही कुठे अडवलंय?"

फरांगीस तणतणत फडकी सोडायला लागली. तेवढ्यात एक किडकिडीत बाई शेजारी येऊन उभी राहिली.

"ते माझं आहे. मुलगा सरहद्दीवर शिपाई आहे. महिना झाला, फोन नाही."

फरांगीसने फडकं परत बांधलं. वर आणखी एक गाठ मारली. मग वाडगाभर आश प्यायली आणि मुकाट्याने शहरात गेली.

या खेपेला तिने नंबर घातलेले पिवळे बिल्ले आणले. पिवळ्या पत्र्याला कोण नवस बोलणार? दिवसभर खपून तिने अख्खी टेकडी नव्याने मोजली, झुडपाझुडपाला बिल्ला अडकवला. कुठला नंबर कुठे, याच्या नोंदी सकाळी निवांत करू म्हणाली.

सकाळी झुडपांवर एकही बिल्ला नव्हता. बायका मात्र शिस्तीत रांगेत उभ्या, प्रत्येकीच्या हातात एकेक.

"शहाणी पोर आहेस," कौकबआजी खुशीत म्हणाल्या. "फडकं बांधायला पुढे कोण, मागे कोण, यावरून परवा झिंज्या उपटायच्या बाकी होत्या. आता जिचा जो नंबर."

"आजी, माझा नकाशा..."

"तुझाही नंबर राखून ठेवलाय. जरा मागचा आहे, चालेल ना?"

फरांगीस रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा दुपार कलली होती. प्रोफेसरांनी मुदत वाढवून द्यावी म्हणून तिने झुडपाला स्वतःचा रुमाल बांधला.