भिंतीवरचा डाव

"एक चूक झाली, की स्टुलावरून उतरायचं आणि सरळ घरी जायचं. कबूल?" वाचनालयाच्या कार्यवाहांनी बोट रोखून विचारलं.

"कबूल," बांधणीताई म्हणाल्या आणि हात पुसायचंही भान न राहता स्टुलावर चढल्या.

भान नव्हतं ते आनंदामुळे. एकवीस वर्षं त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून फाटकी पुस्तकं शिवत होत्या. पलीकडच्या खोलीत रोज संध्याकाळी पुरुषमंडळी बुद्धिबळ खेळायची. भिंतीतून कधी "शह!" ऐकू यायचं, कधी नुसताच लांबलचक सुस्कारा. एकदा वाळवीने खाल्लेलं बुद्धिबळाचं एक जाडजूड पुस्तक बांधणीला आलं. कडा पार खलास, पानांचे आकडे गायब आणि दोनशे पानं सुटी. कोणत्या पानामागे कोणतं पान लावायचं हे ठरवायला एकच वाट होती. पुस्तकातले डाव समजून घ्यायचे आणि पुढची चाल कोणत्या पानावर आहे ते शोधायचं. तीन महिने लागले. शेवटचं पान जागेवर बसलं तेव्हा ताईंना बुद्धिबळ येत होतं, आणि हे त्यांच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून त्यांच्या मनात एकच होतं. वाचनालयाच्या वार्षिक स्पर्धेच्या यादीत आपलं नाव यावं. बायकांनी खेळू नये असा नियम नव्हता. तसा प्रश्न कुणी कधी विचारलाच नव्हता, म्हणून उत्तरही तयार नव्हतं. यंदा भिंतीवरचा पट मांडणाऱ्या फोटोग्राफरचा खांदा निखळला, तेव्हा ताईंनी ते काम मागून घेतलं. आजची संध्याकाळ नीट पार पडली, की कार्यवाहांसमोर उभं राहायचं आणि पुढच्या वर्षासाठी नाव घाला म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. चूक झाली तर मात्र तोंड उघडायची सोय उरणार नव्हती.

त्या काळी भिंतीवरचा पट म्हणजे मोठं अप्रूप होतं. पुरुषभर उंचीची लाकडी फळी, चौसष्ट घरं, घराघरात एक खिळा, आणि खिळ्यांना अडकवायला पत्र्याची कापलेली मोहरी. अंतिम सामना आतल्या खोलीत, दार लावून व्हायचा, म्हणजे खेळणाऱ्यांना खोकल्याचाही त्रास नको. आत बसलेला शिपाई प्रत्येक चाल चिठ्ठीवर लिहायचा आणि तीन-चार चिठ्ठ्या जमल्या की दार किलकिलं करून बाहेर द्यायचा. बाहेर शंभर माणसं खुर्च्यांवर, खिडक्यांत आणि पुस्तकांच्या कपाटांना टेकून त्या पटाकडे डोळे लावून बसायची. वर एकच दिवा पटावर सोडलेला असायचा, बाकी सगळीकडे अंधुक.

पांढऱ्या मोहऱ्यांनी गावचे घड्याळजी खेळत होते. नऊ वर्षं त्यांना कुणी हरवलं नव्हतं. काळी मोहरी होती परगावाहून आलेल्या जमीन मोजणीदाराची. तो म्हणे खेळताना पापणीसुद्धा लववत नसे.

"दादा, चिठ्ठ्यांवर नंबर घाला ना," ताई दाराच्या फटीतून म्हणाल्या.

"क्रमानंच देतो की! नंबर कशाला?" शिपाई म्हणाला आणि दार लागलं.

पहिल्या पंधरा चाली सुरळीत झाल्या. पाचव्या गठ्ठ्यातली पहिली चिठ्ठी काळ्याची होती. घोडा पुढे येऊन पांढऱ्या वजिरावर उठला. ताईंनी घोडा अडकवला. पुढची चिठ्ठी पांढऱ्याची. त्यात एक उंट कोपऱ्यातून मधे आला. ताईंनी उंट अडकवला.

सभागृहातून एक आवाज उठला. शंभर माणसांनी एकदम श्वास आत घेतल्याचा.

"वजीर सोडला!" पहिल्या रांगेतले निवृत्त गणिताचे मास्तर उभेच राहिले. "घोड्याच्या तोंडी वजीर, आणि हा माणूस उंट हलवतोय!"

ताईंनी पटाकडे पाहिलं. खरंच की. वजीर ढळढळीत उघड्यावर होता. आता घड्याळजी म्हणजे घड्याळजी, त्यांच्या मनात काय असेल ते आपण कोण सांगणार, असं म्हणून त्यांनी पुढची चिठ्ठी लावली. मोजणीदाराने वजीर घेतलाच नाही. बाजूचं एक प्यादं सरकवलं.

"घेत नाही!" मास्तरांचा आवाज कापरा झाला. "विष आहे त्यात! मोजणीदारानं ओळखलं!"

"काय विष आहे हो मास्तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते असं एका वाक्यात सांगता येत नाही."

पांढऱ्याचा घोडा निघाला. काळ्याचा उंट निघाला. वजीर तिथेच.

"दोनदा!" मास्तर खुर्चीत कोसळले. "दोनदा दिला आणि दोनदा नाकारला! असा डाव मी जन्मात पाहिला नाही."

खिडकीत बसलेल्या माणसांनी टोप्या काढल्या. ताईंच्या अंगावर काटा आला. मग त्यांनी पुढची चिठ्ठी उघडली आणि काटा होता तो घाम झाला. चिठ्ठीत लिहिलं होतं, पांढरा वजीर मागच्या रांगेतून उजवीकडे. भिंतीवर तर वजीर पटाच्या मध्यावर, घोड्यासमोर उभा होता. मागच्या रांगेत तो कधी गेला?

त्यांनी हातातल्या जुन्या चिठ्ठ्या चाचपल्या. एक चिठ्ठी जाड लागली. नखाने उचकटली तर तिच्या पाठीला आणखी दोन चिकटलेल्या. एकीत वजीर मुकाट्याने मागे गेला होता, दुसरीत काळ्याने किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात नेला होता. ताईंनी अंगठ्याकडे पाहिलं. दुपारच्या बांधणीची खळ अजून तिथे चकाकत होती.

दोन चाली एकदम गळल्या होत्या, म्हणून पांढरं-काळं बरोबर जुळत राहिलं आणि कुणाला शंका आली नाही. आता खरं सांगायचं तर स्टुलावरून उतरून घरी जायचं. आणि मास्तरांच्या विषाचं काय करायचं?

"ताई, चाल लावा की! जीव टांगणीला लागलाय!" मास्तर ओरडले.

"लावते," ताई म्हणाल्या आणि चिठ्ठी वाचत असल्यासारखं करून पटाकडे पाहत राहिल्या. मनाशी म्हणाल्या, एक साधीशी चाल लावू, मग हळूच वजीर मागे नेऊ, दोन-तीन चालींत सगळं जागच्या जागी येईल. बांधणीत एखादं पान उलटं लागलं तर असंच करतात, शिवण न उसवता आतल्या आत सरकवतात.

पण पाहता पाहता त्यांना दिसलं. काळ्याने वजीर घेतला असता, तर पांढरा उंट एका बाजूने, घोडा दुसऱ्या बाजूने, आणि राजाला पळायला घर नाही. मास्तर काहीतरी ठोकून देत होते, ते अगदी खरं होतं. विष होतं! कुणीच न ठेवलेलं विष त्या पटावर आपोआप तयार झालं होतं.

ताईंना जमीन पायाखाली आहे की स्टूल, ते कळेना. इतकं सुंदर काही आपल्या चिकट अंगठ्यातून निघू शकतं? आता वजीर मागे न्यायला हात धजेना. त्यांनी पांढऱ्याचा घोडा पुढे टाकला.

मग काळ्याची पाळी आली. इथे ताईंनी एक निश्चय केला. काळ्याच्या वतीने लबाडी करायची नाही. तो बिचारा आत बसून प्रामाणिकपणे खेळतोय, त्याला भिंतीवर मूर्ख ठरवायचं नाही. म्हणून त्या काळ्याच्या बाजूने तितक्याच जीव तोडून विचार करू लागल्या. काळ्याने वजीर घेतला, पण आधी राजाला वाट करून देऊन. पांढऱ्याने उंटाने शह दिला. राजा एक घर सरकला. घोड्याने शह दिला. राजा आणखी पुढे आला.

शिपायाने दोन वेळा चिठ्ठ्या आणून दिल्या. ताईंनी त्या न वाचता कमरेला खोचल्या. पुढे चिठ्ठ्या यायच्या थांबल्या, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. त्या एकदा पांढऱ्याच्या होत्या, एकदा काळ्याच्या. मधे मधे रिकामी चिठ्ठी डोळ्यांसमोर धरत होत्या, तेवढंच काय ते नाटक.

आत काय झालं होतं, ते अगदीच साधं होतं. तिसाव्या चालीला दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, दोघांनाही भूक लागली होती, आणि बरोबरी झाली. शिपाई पट आवरत बसला. घड्याळजी आणि मोजणीदार बाजूच्या दाराने निघाले, कोपऱ्यातल्या टेबलावरचा चहा घेतला आणि सभागृहात मागे येऊन उभे राहिले. त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

भिंतीवर काळा राजा स्वतःचं घर सोडून पटाच्या मध्यावर आला होता आणि पांढरी मोहरी त्याच्याभोवती हळूहळू जमत होती. पांढऱ्याचा वजीर नव्हता. एक हत्तीही गेला होता.

"कुणाचा डाव आहे हा?" मोजणीदाराने हळूच विचारलं.

"पटाखालच्या पाटीवर आपली नावं दिसतायत," घड्याळजी म्हणाले.

"म्हणजे काळा मी?"

"असावात."

मोजणीदाराने बराच वेळ पाहिलं. "मी फार चांगला खेळतोय हो."

"मीही," घड्याळजी म्हणाले. त्यांच्या कपातला चहा बशीत सांडत होता. "गप्प राहा जरा. बघू मी पुढे काय करतो ते."

काळ्याने हत्ती आडवा घातला. सभागृह हळहळलं. आता संपलं, पांढऱ्याजवळ काही उरलं नाही. ताई पाच मिनिटं, दहा मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात वर केला, हत्ती धरला असं वाटलं, तो सोडला, आणि त्याच्याशेजारचं एक प्यादं, सुरुवातीपासून जागचं न हललेलं, एक घर पुढे अडकवलं.

शह. राजाला जायला घर नव्हतं.

मास्तर रडत होते. मग जो काही कल्लोळ झाला, त्याने कपाटावरच्या धुळीचा थर खाली आला.

"घड्याळजींना बाहेर आणा!" मास्तर ओरडले. "खांद्यावर घ्या त्यांना!"

"मी इथे आहे," मागून घड्याळजी म्हणाले.

शंभर माना वळल्या. घड्याळजींच्या हातात कप, शेजारी मोजणीदार, त्याच्याही हातात कप.

"तुम्ही आत असायला हवेत," कार्यवाह गर्दीतून वाट काढत आले. "आत्ताच तर प्यादं चाललात!"

"मी नाही चाललो. आमची बरोबरी झाली, अर्धा तास झाला."

कार्यवाहांनी पटाकडे पाहिलं, घड्याळजींकडे पाहिलं, आणि शेवटी स्टुलाकडे. ताई खाली उतरल्या. कमरेच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून त्यांनी कार्यवाहांच्या हातावर ठेवल्या. वर त्या तीन चिकटलेल्या.

"एक चूक म्हणालो होतो मी!" कार्यवाहांचा आवाज फुटला. "किती चुका केल्यात?"

"चूक एकच," ताई खाली मान घालून म्हणाल्या. "चिठ्ठ्या चिकटल्या. बाकीच्या चाली आहेत."

"कुणाच्या चाली?"

"माझ्या."

"काळ्याच्यासुद्धा?"

"त्याच्याकडून कोण खेळणार होतं मग?"

"मला पहिल्यापासून शंका येत होती," मास्तर डोळे पुसत म्हणाले, पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"निकाल बरोबरी," कार्यवाहांनी जाहीर केलं. "आणि ताई, ठरल्याप्रमाणे तुम्ही घरी—"

"थांबा," मोजणीदार पुढे आला. गावाने पहिल्यांदाच त्याची पापणी लवलेली पाहिली. "शंभर माणसांनी मला हरताना पाहिलंय. वहीत तुम्ही बरोबरी लिहा नाहीतर काहीही लिहा, उद्या बाजारात लोक मला त्या प्याद्याचंच विचारणार. मला हरवलंय ते यांनी. मला यांच्याशी खेळायचंय."

"यांचं नाव यादीत नाही."

"मग घाला की!"

"यादी बंद झाली. शिवाय आजवर कुणी बाईमाणूस..." कार्यवाहांनी नियमांची वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिलं, मग उलट पाहिलं. शंभर माणसं वाट पाहत होती. वहीत काहीच नव्हतं.

"लिहा हो," घड्याळजी म्हणाले. "माझ्या नावाखाली लिहा. जागा नसेल तर वर लिहा."

कार्यवाहांनी लिहिलं. शाई वाळेपर्यंत ताई त्या ओळीकडे पाहत राहिल्या.

सभागृहाच्या मधोमध टेबल आलं. पट मांडला गेला, या वेळी सगळ्यांसमोर. मोजणीदार समोर बसला. त्याने एक पांढरं आणि एक काळं प्यादं उचललं, हात पाठीमागे नेले आणि दोन बंद मुठी ताईंच्या पुढे धरल्या.

ताई त्या मुठींकडे बघतच राहिल्या. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"निवडा," मोजणीदार म्हणाला. "जे निघेल त्या बाजूनं खेळायचं."

ताईंनी एका मुठीकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"एकच?"